पाण्याच्या हिशेबातली घट

मार्केट यार्डातून शेकड्याने घेतलेली कोथिंबीर पहाटे टेम्पोतून पुण्याच्या मंडईत उतरते. गाळ्यावरच्या मावशी पोतं सोडतात, एकेक जुडी झटकून पिवळी, दबलेली पानं खुडून टाकतात, उरलेल्या जुड्यांवर पाण्याचा हबका मारतात आणि ओलं बारदान पांघरून ठेवतात. पहिलं गिऱ्हाईक येण्याआधी त्यांचा हिशेब झालेला असतो. शेकड्याला मोजलेले पैसे, हमाली, टेम्पोचं भाडं, गाळ्याचं भाडं आणि घट. काही जुड्या दुपारपर्यंत मान टाकणार, काही संध्याकाळी निम्म्या भावात काढाव्या लागणार, हे पहिल्या जुडीच्या भावातच धरलेलं असतं. घट न धरता भाव सांगणारा माणूस मंडईत फार दिवस टिकत नाही.

मंडईच्या नळाला येणारं आणि मंडईच्या गटारातून नदीकडे जाणारं जे पाणी आहे, त्यावर मात्र महापालिका, राज्य सरकार, केंद्र सरकार आणि जपानची एक वित्तसंस्था असे चौघे मिळून हजारो कोटी रुपये खर्च करत आहेत. या रकमा आधी कोण ठरवतं, कशा ठरवतं आणि चुकल्या तर जादा पैसे कोणाच्या खिशातून जातात, हे शोधत गेलं की घट धरण्याची ही साधी रीत मोठ्या हिशेबातून कशी गळून पडते ते दिसतं. पाण्याच्या योजनांना माझा विरोध नाही. पाण्यावर खर्च झालाच पाहिजे आणि आजच्याहून जास्त झाला पाहिजे. म्हणूनच तो खर्च आधी खरा मोजला गेला पाहिजे, एवढंच मला सांगायचं आहे.

*

मंडईची इमारत स्वतःच अशा एका वादातून उभी राहिली. त्याआधी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात उघड्यावर भरायचा. १८८० च्या सुमारास नगरपालिकेने सरदार खासगीवाल्यांच्या जागेवर पक्की बाजारपेठ बांधायचं ठरवलं. जोतीराव फुले तेव्हा नगरपालिकेचे सभासद होते. १८७६ ते १८८२ अशी त्यांची मुदत होती. त्यांनी आणि हरी रावजी चिपळूणकरांनी या खर्चाला विरोध केला. गरिबांच्या मुलांच्या शिक्षणाला पैसे नाहीत आणि एवढी रक्कम बाजाराच्या इमारतीवर कशी घालायची, हा त्यांचा सवाल होता. ठराव त्यांच्या विरोधाला न जुमानता मंजूर झाला. वॉल्टर ड्यूकाट यांनी आराखडा केला, वासुदेव बापूजी कानिटकरांनी बांधकाम केलं आणि १८८६ मध्ये आठ पाकळ्यांची, मधोमध उंच मनोरा असलेली ही दगडी इमारत गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने सुरू झाली. पुढे १९३८ च्या सुमारास आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने 'रे मार्केट'ची 'महात्मा फुले मंडई' झाली. ज्या माणसाने खर्चाला हरकत घेतली, त्याचंच नाव इमारतीला मिळालं.

या हरकतीकडे लोक बहुधा समाजसुधारकाची कळकळ म्हणून पाहतात. ती कळकळ होतीच; पण हा माणूस ठेकेदारही होता. खडकवासल्याचं धरण, येरवड्याचा पूल अशा सरकारी कामांशी त्यांचा व्यवसायाच्या नात्याने संबंध आला होता. दगड, चुना, मजुरी यांचा दर काय आणि कागदावरच्या रकमेचं प्रत्यक्ष कामावर काय होतं, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये ते पाण्यावर लिहितात, तेव्हाही रोख तोच असतो: रिकाम्या हातांचे लष्कर-पोलिसांतले शिपाई कामाला लावून ठिकठिकाणी ताली-बंधारे घाला, पाणी शिवारात मुरवा. कमी खर्चात जास्त जणांना पाणी, हा हिशेब त्यामागे आहे. १८६८ मध्ये त्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. मंडईपासून हाकेच्या अंतरावर डॉ. विश्राम रामजी घोले यांनी आपल्या मुलीच्या स्मरणार्थ बाहुलीचा हौद बांधला आणि तोही सर्व जातींना खुला ठेवला. या माणसांना पाणी कोणाला मिळतं आणि त्याचे पैसे कोण देतं, हे दोन प्रश्न वेगळे वाटत नव्हते.

या इमारतीच्या वरच्या मजल्यावर एके काळी नगरपालिकेची कचेरी होती. खाली भाजीचे भाव ठरत आणि वर शहराच्या खर्चाचे. आता महापालिका नदीपलीकडे शिवाजीनगरला आहे, भाजीचा घाऊक बाजार गुलटेकडीला गेला आहे आणि मंडईच्या पोटातून मेट्रो धावते. मंडईच्या कट्ट्यावर रोज शहराचा कारभार तपासणारं 'मंडई विद्यापीठ' मात्र चालूच आहे.

*

पाण्याचा खर्च वाटून घेण्याची पद्धत पुण्याला नवी नाही. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून शनिवारवाड्यापर्यंत भुयारी नळ आला, तो दरबारच्या पैशाने. वाटेत हौद आणि उच्छ्वास, पंपाशिवाय, निव्वळ उतारावर वाहणारं पाणी. पुढे सरदारांनी आपापले नळ आणि हौद बांधले. इंग्रजी अमलात १८५० मध्ये मुळा-मुठेवर बंधारा झाला. त्याचा खर्च सुमारे अडीच लाख रुपये आणि त्यातले पावणेदोन लाख सर जमशेटजी जीजीभाईंनी दिलेले. उरलेला वाटा सरकारचा. एक दाता, एक सरकार, एक बंधारा, आणि हिशेब एका कागदावर मावणारा.

आज 'समान पाणीपुरवठा योजना', म्हणजे लोकांच्या तोंडी असलेली 'चोवीस तास पाणी' योजना, हिशेबाचा असा एक कागद दाखवू शकत नाही. तिची कहाणी थोडी सविस्तर सांगायला हवी.

योजनेमागचा विचार चांगला होता आणि आहे. पुण्याच्या वाट्याला पाणी कमी येत नाही. ते वाटेत मुरतं आणि असमान वाटलं जातं. कुठे दिवसभर नळ वाहतो, कुठे पहाटे तास-दीड तास धार येते. धरणातून उचललेल्या पाण्यापैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक पाण्याचा हिशेब लागत नाही: गळती, चोरी, मोजणीच नाही. उपाय म्हणून साठवण टाक्या ८२, पाणीमीटर तीन लाखांहून अधिक, सोळाशे किलोमीटरच्या आसपास जलवाहिन्या आणि सगळ्या शहराचे छोटे छोटे विभाग, म्हणजे कुठल्या विभागात किती पाणी गेलं आणि किती मोजलं गेलं ते कळेल. खर्च सुरुवातीच्या कागदांवर अडीच-तीन हजार कोटींच्या घरात.

पैसा उभा करायला महापालिकेने २२ जून २०१७ रोजी मुंबई शेअर बाजारात २०० कोटींचे कर्जरोखे नोंदवले. व्याज ७.५९ टक्के, मुदत दहा वर्षं. पाच वर्षांत एकूण २,२६४ कोटी याच मार्गाने उभे करायचा बेत होता. देशभर कौतुक झालं. महापालिकांनी बाजारातून पैसे उभारावेत म्हणून केंद्र सरकारने प्रोत्साहन ठेवलं होतं. पुण्याला त्यापोटी २६ कोटी मिळाले. इथपर्यंत सगळं बरोबर होतं.

मग निविदा उघडल्या. जलवाहिन्यांच्या कामाचे दर अंदाजपत्रकाच्या सुमारे पाव हिश्शाने चढे आले. आरोप झाले, ठेकेदारांनी संगनमत केल्याची ओरड झाली आणि त्याच वर्षी मुख्यमंत्र्यांच्या आदेशाने निविदा रद्द करून नव्याने काढायचं ठरलं. फेरनिविदेत दर बरेच खाली आले. याबद्दल अभिनंदनं झाली. पण मला त्यात एक वेगळी गोष्ट दिसते. एकाच कामाची किंमत वर्षभरात दोनदा इतकी बदलत असेल, तर पहिला अंदाज कशावर बेतला होता? दरसूचीवर, म्हणजे सरकारी दरांच्या पुस्तकावर. ती दरसूची जुन्या पेठांतल्या गल्लीत रात्री खणताना लागणारी टेलिफोनची केबल, विजेची तार, ड्रेनेजची जुनी नळी आणि सकाळी सहाला पुन्हा चालू व्हायला हवी असलेली वाहतूक धरत नाही. बोहरी आळीत, तुळशीबागेच्या मागे, मंडईच्या चारी बाजूंनी एक मीटर वाहिनी टाकायचा खर्च आणि बाणेरच्या मोकळ्या रस्त्यावरचा खर्च सारखा नसतो. खणणाऱ्या मजुरालाही ते ठाऊक असतं. अंदाजपत्रकाला नसतं.

तोवर रोख्यांचं व्याज सुरू झालं होतं. २०० कोटींवर ७.५९ टक्के म्हणजे वर्षाला पंधरा कोटींच्या वर. काम मात्र निविदेत अडकलेलं.

आणि पुणेकर पैसे आधीच देऊ लागले होते. योजनेसाठी महापालिकेने २०१६ पासून पाणीपट्टी वाढवायचा निर्णय घेतला: सुरुवातीची पाच वर्षं दरसाल सुमारे १५ टक्के आणि त्यानंतर २०४७ पर्यंत दरसाल ५ टक्के. चक्रवाढीने हिशेब करा. पाच वर्षांत पट्टी जवळजवळ दुप्पट होते, पुढच्या पंचवीस वर्षांत ती पुन्हा तिप्पट-साडेतिप्पट. कागदावर हे योग्यच आहे. योजनेचं कर्ज फेडायचं तर उत्पन्नाची सोय हवी. पण उत्पन्नाच्या बाजूचं वेळापत्रक काटेकोर पाळलं गेलं आणि कामाच्या बाजूचं पाळलं गेलं नाही. २०२५ च्या दिवाळीपर्यंत पुण्यात चोवीस तास पाणी आलेलं नव्हतं.

उशीर ही घट आहे. ती अंदाजपत्रकात धरलेली नव्हती.

*

मंडईतून जे पाणी बाहेर पडतं, त्याची गोष्ट दिल्ली आणि टोकियोपर्यंत जाते. मुळा-मुठेत सांडपाणी सोडणं थांबावं म्हणून केंद्राने राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेत पुण्याचा प्रकल्प घेतला. जपानच्या जायका या संस्थेने १९.०६४ अब्ज येनांचं कर्ज कबूल केलं, तेव्हाच्या हिशेबाने सुमारे हजार कोटी रुपये. व्याज अवघं ०.३० टक्के, परतफेड चाळीस वर्षांत, त्यातली पहिली दहा वर्षं सवलतीची. जानेवारी २०१६ मध्ये ९९०.२६ कोटींना मंजुरी मिळाली: केंद्राचा वाटा ८४१.७२ कोटी, महापालिकेचा १४८.५४ कोटी. म्हणजे ८५ आणि १५. अकरा सांडपाणी शुद्धीकरण केंद्रं, मिळून रोजची क्षमता ३९६ दशलक्ष लिटर, आणि ११३.६ किलोमीटर मलवाहिन्या. जानेवारी २०२२ पर्यंत काम पुरं व्हायचं होतं.

पुण्याच्या बाजूने पाहिलं तर याहून चांगला सौदा नाही. शंभर रुपयांच्या कामात आपले पंधरा. पण पंच्याऐंशी रुपये कुठून आले, ते विसरून चालत नाही. कर्ज केंद्राने घेतलं, येनमध्ये फेडायचंही केंद्राने आणि चाळीस वर्षांत रुपया येनच्या तुलनेत कुठे जाईल त्याची जोखीमही केंद्राची. म्हणजे शेवटी सगळ्या देशाच्या करदात्यांची. नगर जिल्ह्यातला शेतमजूर काडेपेटीवर जो कर देतो, त्यातला कणभर मुळा-मुठेच्या मलवाहिनीत जातो. एवढं समजलं की अंदाज बरोबर असण्याची जबाबदारी पुणेकरांवर जास्त येते, कमी नाही.

पहिल्या निविदांचे दर अंदाजाहून फार चढे आले. फेरविचार, नव्या अटी, जागांचे वाद. प्रत्यक्ष काम सुरू व्हायला २०२२ उजाडलं, म्हणजे ज्या वर्षी संपायचं त्या वर्षी. मधल्या सहा वर्षांत शहर वाढलं: २०१७ मध्ये ११ गावं महापालिकेत आली, २०२१ मध्ये आणखी २३. त्या गावांचं सांडपाणी २०१६ च्या अंदाजात नव्हतं. नदी मात्र हद्द ओळखत नाही.

त्याच समाविष्ट गावांच्या पट्ट्यात, सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी भागात जानेवारी २०२५ मध्ये गुलियन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण एकापाठोपाठ सापडले. संशय दूषित पाण्यावर गेला, केंद्राची पथकं आली, विहिरी तपासल्या गेल्या, टँकर तपासले गेले. हात-पाय लुळे पडलेली माणसं महिनोन् महिने व्हेंटिलेटरवर आणि नंतर फिजिओथेरपीत होती. एका घराचं बिल लाखांत गेलं. योजना करण्याचा खर्च निदान कुठेतरी लिहिला जातो. योजना न करण्याचा, किंवा उशिरा करण्याचा, खर्च कुठल्याही अंदाजपत्रकात लिहायला रकाना नसतो. तो घरांच्या खात्यावर पडतो.

आणखी एक रकाना असाच रिकामा राहतो. पूर्व पुण्याला पाणी देणारी भामा आसखेड योजना जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानातली. वाटणी ठरलेली: केंद्र ५०, राज्य २०, महापालिका ३०. योजना सुमारे ३८० कोटींची. पण अभियानाचा नियम असा, की केंद्राचा वाटा मंजूर रकमेवर गोठतो. पुढची वाढ राज्याने किंवा शहराने सोसायची. वाढ झाली, कारण खेड तालुक्यातल्या धरणग्रस्तांचा मोबदला मूळ हिशेबात नीट धरलाच नव्हता. त्यांनी जलवाहिनीचं काम पुन्हा पुन्हा बंद पाडलं. पाणी पुण्याला पोचलं ते १ जानेवारी २०२१ रोजी. शंभर वर्षांपूर्वी मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या मागे उभं राहून याच कारणासाठी सत्याग्रह केला होता. ज्याची जमीन जाते त्याच्या दुःखाला अंदाजपत्रकात ओळ मिळत नाही, आणि मग तो रस्त्यावर येऊन स्वतःची ओळ लिहून घेतो. आधी मोजलं असतं तर स्वस्तात पडलं असतं आणि माणुसकीनेही झालं असतं.

*

शहराच्या बाहेर पाण्याच्या योजनेचा आकडा किती फुगतो, याचं उदाहरण महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला आहे. भंडारा जिल्ह्यात वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाची किंमत १९८३ मध्ये ३७२.२२ कोटी धरली होती. १९८८ मध्ये पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते पायाभरणी झाली. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला, म्हणजे खर्चाचा मोठा भार केंद्राकडे गेला. २०१६ ची सुधारित किंमत १८,४९४ कोटी. पन्नास पट. 'महागाई वाढली ना' असं यावर उत्तर मिळतं. त्या तेहेतीस वर्षांत ग्राहक किमती वाढल्या त्या अकरा-बारा पट. उरलेली चार पट महागाईची नाही. ती भूसंपादनाची, बदललेल्या आराखड्याची, जादा बाबींची, उशिराची आणि काही चौकशांत पुढे आलं तशी बेइमानीचीही आहे.

पाटबंधारे खात्यात 'सुप्रमा' हा शब्द रोजच्या बोलण्यातला. सुधारित प्रशासकीय मान्यता. तिचा मार्ग सगळ्यांना ठाऊक असतो: पहिला अंदाज कमी दाखवायचा, म्हणजे लाभ-व्यय गुणोत्तर बसतं आणि मान्यता मिळते, काम सुरू झालं, खोदून ठेवलं, की मागे फिरता येत नाही, मग सुप्रमा. १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळाचा कायदा झाला, तेव्हा कारण तातडीचं होतं. कृष्णेच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राला दिलेलं ५६० अब्ज घनफूट पाणी सन २००० पर्यंत अडवायचं होतं. त्यासाठी महामंडळाला रोखे काढायची मुभा दिली आणि कृष्णा खोऱ्याचे रोखे चढ्या व्याजाने विकले गेले. मागोमाग विदर्भ, तापी, कोकण आणि गोदावरी मराठवाडा अशी आणखी चार महामंडळं झाली. एकाच वेळी शेकडो कामं काढली गेली. दरवर्षी थोडे थोडे पैसे सगळीकडे वाटले, त्यामुळे एकही काम वेळेत संपेना. २०११-१२ च्या राज्याच्या आर्थिक पाहणीतलं ते वाक्य पुढे सगळीकडे गाजलं: दहा वर्षांत सुमारे ७० हजार कोटी खर्च होऊन सिंचनक्षेत्राची टक्केवारी ०.१ ने वाढली. मग या खर्चावर बोट ठेवणारी मुख्य अभियंता विजय पांढरे यांची पत्रं, सरकारची नोव्हेंबर २०१२ ची श्वेतपत्रिका आणि चौकशीसाठी माधवराव चितळे समिती.

त्या वर्षांत सगळा राग व्यक्तींवर गेला, आणि काही अंशी तो योग्यही होता. पण माणसं बदलली तरी व्यवस्था तीच राहिली: ज्याला प्रकल्प करायचा आहे, तोच त्याची किंमत सांगतो. राज्यस्तरीय तांत्रिक सल्लागार समिती आली, तपासणीचे टप्पे वाढले. पण तपासणारेही सरकारच्या आतलेच. आणि सरकारी हिशेब तपासणारी कॅग येते ती पैसे गेल्यावर.

*

खेड्यातल्या घराघरात नळ देणारी जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झाली तेव्हा एकूण खर्च ३.६० लाख कोटी आणि केंद्राचा वाटा २.०८ लाख कोटी धरला होता. मंडईत भाजी आणणारी पुरंदर, हवेली, खेडमधली गावं याच योजनेतली. २०१९ मध्ये देशातल्या ग्रामीण घरांपैकी सतरा टक्क्यांच्या घरी नळ होता. २०२५ मध्ये ते प्रमाण ऐंशी टक्क्यांपर्यंत गेलं. हे मोठं काम आहे आणि डोक्यावरून हंडा उतरलेल्या बाईला त्याची किंमत सांगायची गरज नाही. पण २०२४ ची मुदत हुकली, ती २०२८ पर्यंत वाढवावी लागली. उरलेल्या कामासाठी जलशक्ती मंत्रालयाने केंद्राकडून २.७९ लाख कोटी मागितले. अर्थ खात्याच्या समितीने १.५१ लाख कोटींचीच शिफारस केली. मधल्या काळात महाराष्ट्रात ठेकेदारांची बिलं थकली, अर्धवट टाक्या उन्हात उभ्या राहिल्या.

मागणी आणि शिफारस यांत सव्वा लाख कोटींहून अधिक फरक पडतो, याचा अर्थ दोघांपैकी एकाचा तरी अंदाज कमालीचा चुकला आहे. कोणाचा, हे संसदेला आणि जनतेला सांगणारं तिसरं कोणी नाही.

अमेरिकेत असं तिसरं कोणीतरी आहे. १९७४ च्या कायद्याने तिथे काँग्रेसचं अंदाजपत्रक कार्यालय उभं राहिलं. पहिल्या संचालक अॅलिस रिव्हलिन. सरकारचं नाही, संसदेचं. दोन्ही पक्षांसाठी एकच. अडीचशेच्या आसपास माणसं. समितीने पुढे पाठवलेल्या जवळपास प्रत्येक विधेयकाचा पुढच्या दहा वर्षांचा खर्च ते काढतात आणि मतदानाच्या सुमारास सगळ्यांसमोर ठेवतात. विधेयकाने नुसती परवानगी दिली, की खरोखर तिजोरीतून पैसे जाणार, हे वेगळं दाखवतात. १९९५ पासून, राज्यांवर आणि नगरपालिकांवर किती भार टाकला जातोय, तेही लिहितात. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यात पाण्यासाठी सुमारे ५५ अब्ज डॉलर होते. विधेयक मांडणारे म्हणत होते, खर्चाची सोय झालेली आहे. कार्यालयाने सांगितलं: दहा वर्षांत तूट २५६ अब्ज डॉलरने वाढेल. सिनेटने तरीही ६९ विरुद्ध ३० मतांनी ते मंजूर केलं. हेच मला महत्त्वाचं वाटतं. अंदाजाने काम अडवलं नाही. फक्त डोळे उघडे ठेवून मत द्यायला लावलं.

त्यांचेही अंदाज चुकतात. ओहायो नदीवरचं ऑल्मस्टेडचं जलपाश १९८८ मध्ये ७७५ दशलक्ष डॉलरला मंजूर झालं, २०१८ मध्ये सुरू झालं तेव्हा खर्च तीन अब्जांच्या घरात होता. मात्र चूक किती आणि कुठे, हे जाहीर कागदांवरून कोणालाही काढता येतं.

आपल्या राज्यघटनेनेही ही काळजी घेतलेली आहे. ११७ व्या कलमाप्रमाणे केंद्राच्या संचित निधीतून खर्च होणारं विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय मंजूर होत नाही. राज्यांसाठी २०७ वं कलम आहे. अशा विधेयकाला वित्तीय ज्ञापन जोडावं लागतं. पण कितीतरी ज्ञापनांत 'नेमका खर्च आत्ता सांगता येत नाही' असं लिहून विषय संपतो. आणि पाण्याच्या बहुतेक मोठ्या योजना तर कायद्याच्या रूपात येतच नाहीत. त्या मंत्रिमंडळाच्या निर्णयाने, शासन निर्णयाने, महापालिकेच्या ठरावाने येतात. तिथे ज्ञापनही नाही.

महाराष्ट्र विधिमंडळाने स्वतःचं असं एक छोटं कार्यालय उभं करावं. निवृत्त अभियंते, लेखापाल, अर्थशास्त्राचे जाणकार, जलसंपदा खात्याच्या बाहेरचे. ठरावीक रकमेच्या पुढची पाण्याची प्रत्येक योजना मान्यतेआधी त्यांच्याकडे जावी. त्यांनी मोजावं ते असं: बांधकामाचा खर्च, जमीन आणि पुनर्वसन, वीज आणि तीस वर्षांची देखभाल, दोन वर्षं उशीर झाला तर काय आणि पाच वर्षं झाला तर काय, केंद्राचा वाटा गोठल्यावर वाढीव भार कोणावर. आणि हे मराठीत, चार पानांत, वाचणाऱ्याला कळेल असं छापावं. खर्च फार नाही. एका फसलेल्या निविदेच्या व्याजात असं कार्यालय कित्येक वर्षं चालेल.

मार्च २०२२ नंतर काही वर्षं पुणे महापालिकेत नगरसेवक नव्हते, प्रशासक कारभार पाहत होते. चोवीस तास पाणी, जायका, समाविष्ट गावांच्या वाहिन्या, या सगळ्यांवर या काळात निर्णय झाले आणि सभागृहात एकाही लोकप्रतिनिधीने उभं राहून फुल्यांसारखी हरकत घेतली नाही, कारण सभागृहच नव्हतं. निवडणूक कधीही आली तरी चित्र ठरलेलं असेल. उमेदवार मंडईत येतील, मंडईच्या गणपतीचं, शारदा गजाननाचं दर्शन घेतील, गाळ्यागाळ्यावर हात जोडतील. 'पाणी देऊ' हे सगळेच सांगतील. त्यांना तुम्ही एवढंच विचारा: योजना कितीची, आपला वाटा किती, उशीर झाला तर जादा पैसे कोण भरणार, आणि हे सगळं लिहून दिलेला कागद कुठे पाहायला मिळेल. ज्याला उत्तर देता येत नाही, त्याला मत देऊ नका.